कोपनहेगन बंदरात सहा तास
क्रूझच्या एका दिवसाचा हिशोब, व्यापाऱ्याच्या नजरेने

जहाजाची सफर हा फक्त गर्भश्रीमंतांचा शौक, असे आता म्हणता येत नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले लंडनला, आखाती देशांत, कॅनडात स्थिरावली आहेत आणि ती आईवडिलांना हौसेने फिरायला नेतात. हज-उमराहचे काफिले नेणारे काही टूरवाले युरोपच्या सहलीही काढू लागले आहेत. याशिवाय कोकणातील आपले अनेक तरुण अशा जहाजांवर नोकरीला असतात. म्हणून या पानावर आज एका वेगळ्या विषयाचा हिशोब मांडत आहोत. उत्तर युरोपच्या सफरीत जहाज एका दिवसापुरते कोपनहेगनला लागले, तर तो दिवस कसा वापरावा?

डेन्मार्कची ही राजधानीच आम्ही निवडली, याला कारण आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘व्यापाऱ्यांचे बंदर’ असा आहे. व्यापारी माणसाने पाहण्यासारखे, हाताळण्यासारखे आणि घरी येऊन विचार करण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. मात्र वेळ थोडा असतो. या दिवशी वेळ हेच भांडवल, आणि भांडवल दहा ठिकाणी विखुरले की कोणताच धंदा उभा राहत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

नऊ तासांचे सहा तास

माहितीपत्रकात लिहिलेले असते: कोपनहेगन, सकाळी ८ ते सायंकाळी ५. वाचणारा समजतो, नऊ तास मिळाले. प्रत्यक्षात जहाज धक्क्याला लागल्यावर उतरण्याची परवानगी, रांग आणि ओळखपत्राची तपासणी यांत अर्धा-पाऊण तास जातो. संध्याकाळी जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी परत चढलेले असावे लागते. धक्क्यापासून शहरात जायला आणि यायला वेळ लागतो. हे सारे वजा केले, वर उशिराची सोय म्हणून एक तास राखून ठेवला, की हातात राहतात सुमारे सहा तास. या सहा तासांतच आखणी करावी. जो नऊ तासांचा बेत करतो, त्याचे शेवटचे तीन तास धावपळीत आणि जिवाच्या धाकधुकीत जातात.

एक नियम पक्का लक्षात ठेवावा. जहाज कंपनीने आयोजित केलेल्या फेरीत आपण गेलो आणि बसला उशीर झाला, तर सामान्यतः कंपनी ती जबाबदारी घेते. आपण आपल्या मर्जीने फिरत असलो, तर जहाज थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाने किंवा रेल्वेने स्वखर्चाने जावे लागते, आणि सामान जहाजावर राहिलेले असते. म्हणून पासपोर्टची प्रत, जहाजाचे कार्ड, बँकेचे कार्ड, रोजची औषधे आणि बंदरावरील एजंटचा फोन क्रमांक खिशात असावा. जहाजावरील घड्याळ आणि शहरातील घड्याळ एकच आहे ना, हेही उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

धक्का कोणता, हे आधी विचारा

कोपनहेगनला मोठी जहाजे मुख्यतः दोन ठिकाणी लागतात. एक लांगेलिनी. हा जुना धक्का शहराला लागून आहे. तेथून प्रसिद्ध जलपरीचा पुतळा अगदी जवळ आहे आणि न्यूहाव्न कालव्यापर्यंत चालतही जाता येते. दुसरा ओशनकाय, उत्तरेकडील नव्या बंदर भागात २०१४ साली सुरू झालेला. येथून शहराचा मध्यभाग पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे चालत जाण्याचा विचार करू नये. बसने ओरिएंटकाय या मेट्रो स्थानकावर यावे आणि तेथून एम-४ मार्गाच्या गाडीने थेट कोंगेन्स न्यूटोर्व या मध्यवर्ती चौकात उतरावे. हे स्थानक २०२० साली सुरू झाले. ते झाल्यापासून टॅक्सीवर खर्च करण्याचे कारण उरलेले नाही. मेट्रोला चालक नसतो आणि गाड्या दर काही मिनिटांनी सुटतात. बस आणि मेट्रो दोन्हींना चालेल असा दिवसाचा पास घेतला की पुन्हा पुन्हा तिकीट काढावे लागत नाही.

जलपरीच्या पुतळ्याबद्दल एक शब्द. १९१३ साली बसवलेला हा पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे. लांगेलिनीला उतरलात तर वाटेतच आहे, जरूर पाहा. ओशनकायला उतरलात तर केवळ तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका.

बंदराची कमाई

११६७ साली बिशप आब्सालोन याने येथे किल्ला बांधला, तेव्हा ही मासेमारांची आणि व्यापाऱ्यांची लहान वस्ती होती. तिचे भाग्य उघडले ते जागेमुळे. बाल्टिक समुद्रात जाणाऱ्या जहाजांना डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील अरुंद सामुद्रधुनीतून जावे लागे. १४२९ पासून डॅनिश राजाने तेथे जकात बसवली. ही जकात १८५७ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ चालू होती. धान्य, लाकूड, डांबर, ताग, जे जाईल त्यावर राजाचा हिस्सा. जकात घेण्याचे ठाणे हेल्सिंगॉर येथे होते. ते कोपनहेगनच्या उत्तरेला रेल्वेने पाऊण तासावर आहे. तेथील क्रोनबोर्ग किल्ला भव्य आहे, पण एका दिवसाच्या मुक्कामात त्या फंदात पडू नये. जाण्या-येण्यातच दुपार संपते.

या शहराचा हिंदुस्थानशीही जुना संबंध आहे. १६१६ साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६२० साली तिने तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्रंकेबार (तरंगंबाडी) येथे ठाणे उभारले. ते १८४५ साली इंग्रजांना विकण्यात आले. पुढे निघालेल्या डॅनिश एशियाटिक कंपनीच्या नावाचा चौक कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सहाव्न भागात आजही आहे.

व्यापाऱ्याने दोन मिनिटे थांबून पाहावी अशी इमारत म्हणजे बोर्सेन, जुना शेअर बाजार. राजा चौथा क्रिस्तियान याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मालाच्या खरेदी-विक्रीसाठी बांधली. चार ड्रॅगनांच्या शेपट्या एकमेकींत गुंफून केलेला तिचा कळस शहराची खूण होता. १६ एप्रिल २०२४ रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना इमारतीला आग लागली, कळस कोसळला आणि इमारतीचा मोठा भाग जळाला. त्या दिवशी कर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान आणि रस्त्यावरून जाणारे साधे नागरिकही आतील जुनी चित्रे उचलून बाहेर आणत होते. इमारत डॅनिश व्यापारी संघाच्या मालकीची आहे आणि त्या संघाने ती होती तशी पुन्हा उभारण्याचे ठरवले. अशा कामाला तांब्याचे, लाकडाचे, विटांचे जुने काम जाणणारे कारागीर लागतात. जुने हुन्नर जिवंत ठेवणाऱ्याला एक ना एक दिवस मागणी येतेच, हे सांगणारे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हाला दिसत नाही.

दिवसाची आखणी

जहाज ओशनकायला सकाळी ८ ते सायंकाळी ५ आहे असे धरून आम्ही पुढील बेत सुचवतो. लांगेलिनीला असल्यास प्रवासाचा थोडा वेळ वाचेल.

पावणेनऊला धक्क्यावरून निघावे. साडेनऊपर्यंत कोंगेन्स न्यूटोर्व. तेथून दोन पावलांवर न्यूहाव्न: १६७० च्या दशकात खोदलेला कालवा, दोन्ही काठांना रंगीत घरे, जुन्या लाकडी नौका. एके काळी ही खलाशांची वस्ती होती, आज तेथे उपाहारगृहे आहेत. सकाळी गर्दी कमी असते. अर्धा तास पुरे.

दहा वाजता डेव्हिड संग्रहालय उघडते. तेथे दीड तास द्यावा. त्याविषयी पुढे सविस्तर.

साडेअकरा ते एक: राजाच्या बागेतून चालत गोल मनोरा आणि तेथून स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता. आमागेरटोर्व चौकातील दुकाने. तेथून पाच-सात मिनिटांवर कालव्यापलीकडे बोर्सेन.

एक ते पावणेतीन: मेट्रोच्या वर्तुळाकार मार्गाने नॉरेब्रो. या मार्गाची पूर्ण फेरीच २४ मिनिटांची आहे, त्यामुळे कोठूनही जास्तीत जास्त बारा-पंधरा मिनिटे लागतात. तेथे नमाज आणि जेवण.

पावणेतीनला परत निघावे. साडेतीन, पावणेचारला जहाजावर. साडेचारची शेवटची वेळ असली तरी पाऊण ते एक तास हातात उरतो. तो वाया गेला असे समजू नये. पाऊस, चुकलेली बस, दुखणारा गुडघा, यांच्यासाठी ठेवलेली ती राखीव रक्कम आहे.

टिव्होली ही १८४३ सालची बाग, राजवाडे, कालव्यातील बोटीची फेरी, हे सारे या यादीत नाही. चांगले नाही म्हणून नव्हे, तर सहा तासांत मावत नाही म्हणून. बरोबर लहान मुले असतील तर संग्रहालयाचा वेळ कमी करून बोटीची फेरी घ्यावी. काहीतरी वजा केल्याशिवाय काही जमा करू नये, एवढाच नियम.

वारही पाहावा. सोमवारी डेव्हिड संग्रहालय बंद असते. रविवारी मध्यवर्ती भागातील बरीच दुकाने उघडी असली तरी वेळ कमी असते. मे-जूनमधील ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या आणि ५ जूनचा संविधान दिन या दिवशी बाजार बंदच समजावा. सहल ठरवतानाच ही तारीख पाहिली तर पुढची निराशा टळते.

आपल्याच हातांची कारागिरी

कोपनहेगनला येणारे बहुतेक प्रवासी जे पाहत नाहीत आणि आपल्या वाचकांनी चुकवू नये असे ठिकाण म्हणजे डेव्हिड संग्रहालय. सी. एल. डेव्हिड (१८७८-१९६०) नावाच्या वकिलाने जमवलेल्या वस्तूंपासून ते सुरू झाले आणि त्याच्याच राहत्या घरात आहे. प्रवेश विनामूल्य आहे. उत्तर युरोपातील इस्लामी कलेचा हा अतिशय महत्त्वाचा संग्रह मानला जातो. स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंत, आठव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत: कुरआनची हस्तलिखित पाने, काचकाम, पितळेची भांडी, गालिचे, रेशमी कापड, नाणी, शस्त्रे, इराणी मातीची भांडी.

यात आपल्या भागाचाही वाटा आहे. मोगल दरबारची आणि दख्खनी शैलीची चित्रे, बिदरी काम, गुजरातेतील शिंपल्याच्या जडावाच्या वस्तू या संग्रहात आहेत. प्रत्येक वस्तू त्या दिवशी मांडलेली असेलच असे नाही, पण हिंदुस्थानचे दालन स्वतंत्र वेळ देऊन पाहावे. छत्रपती संभाजीनगर म्हणजे जुन्या औरंगाबादेत आजही बिदरीवर तार ठोकणारे आणि हिमरू विणणारे कारागीर आहेत. त्यांच्या वाडवडिलांच्या हुन्नराची भांडी सात समुद्रांपलीकडे काचेच्या पेटीत, योग्य प्रकाशात, खाली धातू, शहर आणि काळ लिहून ठेवलेली आहेत. आणि येथे तोच माल कित्येकदा रद्दी कागदात गुंडाळून, कोणी केला हे न सांगता विकला जातो. फरक मालात नाही, मांडणीत आणि माहितीत आहे. हे पाहिलेला दुकानदार घरी येऊन निदान एक चिठ्ठी तरी मालाला बांधील, अशी आमची अपेक्षा आहे.

बाजार पाहताना

स्ट्रॉयेट हा सुमारे एक किलोमीटर लांबीचा रस्ता १९६२ साली मोटारींना बंद करण्यात आला. तेव्हा तेथील अनेक दुकानदारांनी विरोध केला. मोटार येणार नाही तर गिऱ्हाईक कसे येईल, ही त्यांची भीती होती. झाले उलट. चालणारा माणूस दुकानाच्या काचेपुढे थांबतो, मोटारीतला थांबत नाही. आज तो शहराचा मुख्य बाजार आहे. आपल्याकडे रस्ता पादचाऱ्यांसाठी करण्याचा विषय निघाला की हाच वाद होतो, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

आमागेरटोर्व चौकात १६१६ सालच्या इमारतीत रॉयल कोपनहेगन या चिनी मातीच्या कारखान्याचे दुकान आहे. कारखाना १७७५ सालचा. मालामागे तीन लाटांची निळी खूण असते. त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनी. पांढऱ्यावर निळी नक्षी आजही हाताने, ब्रशने काढली जाते. जेवणाच्या एका साध्या ताटलीवर १,१९७ फटकारे मारावे लागतात, असे कंपनी सांगते. आपल्या दृष्टीने विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. बरेचसे उत्पादन आता थायलंडमध्ये होते. हात तिकडचे, नाव मात्र अडीचशे वर्षांचे डॅनिश. गिऱ्हाईक त्या नावाचे पैसे देते. ज्याच्याकडे हात आहेत पण नाव नाही, त्याने या ताटलीकडे नीट पाहावे.

दुसरा माल कहरुबा. बाल्टिक समुद्राच्या आणि जटलंडच्या किनाऱ्यावर सापडणारा हा झाडांचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गोठलेला चीक. कहरुबाची तस्बीह आपल्याकडे मौल्यवान मानतात. अत्तराच्या धंद्यातील अंबर वेगळा. तो व्हेल माशापासून मिळणारा सुगंधी पदार्थ आहे, आणि इंग्रजी नावाच्या सारखेपणामुळे दोहोंत गोंधळ होतो. फारसीत कहरुबा म्हणजे काडी ओढणारा: लोकरीवर घासला की तो कागदाचा कपटा खेचतो. पुष्कळ मीठ विरघळवलेल्या पाण्यात खरा कहरुबा तरंगतो, काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडते. मात्र कोपाल नावाचा कोवळा राळही तरंगतो आणि प्लास्टिकही घासल्यावर कागद ओढू शकते. म्हणून एका परीक्षेवर विसंबू नये. तसेच चुरा दाबून केलेला आणि अखंड नैसर्गिक कहरुबा यांच्या किमतीत मोठा फरक असतो. पावतीवर ‘नैसर्गिक, न दाबलेला’ असे लिहून देणाऱ्याकडूनच घ्यावा. लिहून देत नसेल तर सलाम करून पुढे जावे.

घासाघीस येथे चालत नाही. किमती ठरलेल्या असतात. चलन डॅनिश क्रोन आहे, युरो नाही. एका युरोला सुमारे साडेसात क्रोन हा दर जवळजवळ स्थिर ठेवला जातो. बँकेचे कार्ड जवळपास सगळीकडे चालते, त्यामुळे एका दिवसासाठी रोख बदलून घेण्याची गरज नाही. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत द्यायचे की क्रोनमध्ये’ असे विचारले तर क्रोनच निवडावे. रुपयांत दिल्यास बहुधा दर महाग पडतो.

किमतीत २५ टक्के विक्रीकर धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एका दुकानात ३०० क्रोनहून अधिक खरेदी केल्यास यातील काही भाग परत मिळू शकतो. दुकानदाराकडून परताव्याचा कागद मागून घ्यावा. त्यावर कस्टमची मोहोर मात्र युरोपीय संघातून बाहेर पडतानाच्या शेवटच्या ठिकाणी लागते. जहाज पुढे स्टॉकहोम, हेलसिंकीला जाणार असेल तर कोपनहेगनला मोहोर मिळणार नाही. सफर इंग्लंडला किंवा नॉर्वेला संपणार असेल, तर त्याआधीचे संघातील शेवटचे बंदर कोणते, हे जहाजावरच विचारून ठेवावे. हे दोन्ही देश संघाबाहेर आहेत.

नमाज, जेवण आणि कायदा

जूनमध्ये कोपनहेगनला सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जोहरची वेळ दुपारी सव्वाच्या आसपास सुरू होते आणि असर साडेपाचनंतर. म्हणजे किनाऱ्यावरच्या वेळेत फक्त जोहर येते. किब्ला आग्नेय दिशेला आहे. इशाचा प्रश्न खरा कठीण: त्या दिवसांत रात्रभर आकाशात उजेड राहतो, त्यामुळे वेळ ठरवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. कस्र आणि दोन नमाजा एकत्र करण्याबाबत शाफई आणि हनफी बांधवांचे मसले वेगळे आहेत. निघण्यापूर्वी आपल्या इमामांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. भर समुद्रात वाद घालण्यापेक्षा ते बरे.

शहरात अनेक मशिदी आणि नमाजगृहे आहेत. कतारच्या मदतीने बांधलेले हमद बिन खलिफा केंद्र २०१४ साली उघडले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कामासाठी आलेले तुर्की आणि पाकिस्तानी लोक, पुढे अरब आणि सोमाली, यांची मोठी वस्ती नॉरेब्रो भागात आहे. हलाल जेवण, मिठाई, किराणा तेथे सहज मिळतो, आणि न्यूहाव्नच्या मानाने स्वस्त. उर्दू बोलणारा दुकानदारही भेटू शकतो. एक गोष्ट मात्र माहीत असावी: डेन्मार्कमध्ये २०१४ पासून जनावराला बेशुद्ध केल्याशिवाय जबह करण्यास बंदी आहे. हा मसला ज्यांना मान्य नाही त्यांनी मासे, अंडी, भाजी यांवर दिवस काढावा. माशांना तेथे तोटा नाही. ‘स्विन’, ‘फ्लेस्क’, ‘स्किंके’ हे शब्द पाटीवर दिसले की ते डुकराचे मांस समजावे. रस्त्यावरील सॉसेजच्या गाड्यांवर बहुधा तेच असते.

महिलांसाठी महत्त्वाचे: १ ऑगस्ट २०१८ पासून डेन्मार्कमध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकणाऱ्या नकाबला कायद्याने बंदी आहे. पहिल्या वेळी १,००० क्रोन दंड होतो. हा कायदा परदेशी पाहुण्यांनाही लागू आहे. हिजाब, डोक्यावरील ओढणी, बुरखा चेहरा उघडा ठेवून चालतो. कायद्याबद्दल आपले मत काहीही असो, आपल्या भगिनींना हे जहाजावरून उतरल्यानंतर पोलिसाकडून कळू नये. ज्या टूरवाल्याने हे आधी सांगितले नाही, त्याने आपले काम केले नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी त्या दिवशी जहाजावर थांबावे किंवा दुसरा मार्ग निवडावा; निर्णय त्यांचा, पण माहिती देणे आपले कर्तव्य.

व्हिसा आणि जहाजावरील आपले भाऊ

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड हे सारे त्यात येतात. सफर इंग्लंडहून सुरू होत असेल तर ब्रिटिश व्हिसा वेगळा. मध्येच शेंगेनबाहेरचे बंदर असेल तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसा घ्यावा. एकदाच प्रवेशाचा घेऊन निघालेला प्रवासी अडकतो. जेवण हलाल हवे असल्यास जहाज कंपनीला तिकीट काढतानाच लेखी कळवावे.

आता जहाजावर काम करणाऱ्यांविषयी. कोकणी मुसलमानांचे आणि परदेशी जहाजांचे नाते आजचे नाही. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरी भागातील आपले सारंग, टंडेल आणि खलाशी पिढ्यान्पिढ्या डेकवर होते. आज त्यांचे नातू क्रूझवर स्वयंपाकघरात, इंजिनरूममध्ये, केबिनमध्ये काम करतात. त्यांना सहा तास नसतात. पाळी सुटली तर तीन-चार मिळतात. शेंगेनच्या नियमांनुसार क्रू लिस्टमध्ये नाव असलेल्या खलाशाला बंदराच्या शहरात आणि लगतच्या हद्दीत उतरता येते. मात्र त्याहून दूर जाता येत नाही आणि ओळखीचे कागद जवळ हवेत. त्यांना आमचा सल्ला एकच: ओरिएंटकायहून मेट्रो पकडून थेट नॉरेब्रो गाठावे, नमाज आणि घरच्यासारखे जेवण घ्यावे, घरी शांतपणे फोन करावा, आणि परत यावे. चित्रातले कोपनहेगन पुन्हा कधी.

प्रवाशांनाही एक सांगणे. सफरीत आपली खोली झाडणारा, ताट उचलणारा कदाचित मंडणगड-श्रीवर्धनकडचा असेल. त्याला सलाम करावा, गाव विचारावे. त्याच्याइतकी बंदराची खरी माहिती कोणत्याही पुस्तकात नसते.

आपल्या धंद्यासाठी

मुंबईतही बॅलार्ड पिअरला क्रूझची जहाजे लागतात. त्या प्रवाशाच्या हातातही असेच पाच-सहा तास असतात, आणि महंमद अली रोड, चोर बाजार, भेंडी बाजार तेथून फार दूर नाहीत. अशा गिऱ्हाइकाला काय हवे असते ते कोपनहेगनच्या दुकानातून शिकता येते: लिहिलेली किंमत, हातात मावणारा आणि न फुटेल असा बांधलेला माल, कार्ड घेण्याची सोय, आणि वस्तू कोणी, कोठे, कशाची केली याची दोन ओळींची चिठ्ठी. त्याला उद्या परत यायचे नसते, म्हणून त्याला फसवणे सोपे असते. पण शहराचे नाव अशाच गिऱ्हाइकांच्या तोंडून जगभर जाते. आपले नबी (स.) स्वतः सचोटीचे व्यापारी होते. अनोळखी, घाईत असलेल्या आणि पुन्हा न भेटणाऱ्या गिऱ्हाइकाशी आपण कसे वागतो, यातच आपल्या तिजारतीची परीक्षा आहे.

जाणाऱ्यांनी घड्याळ आणि पासपोर्ट सांभाळावा. येणाऱ्यांशी व्यवहार करणाऱ्यांनी तराजू सांभाळावा. अल्लाह दोघांच्याही वेळेत आणि रोजीत बरकत देवो, आमीन.